आधी गोळीची वेळ बदल

अनेक आशीर्वाद.

जेवणानंतर छातीत जळजळ, रात्री घशाशी आंबट येणं, आणि महिनाभर ओमेप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी घेऊनही फरक नाही, असं तू लिहिलंस. हा ॲसिड रिफ्लक्स, म्हणजे जठरातलं आम्ल उलट अन्ननलिकेत येण्याचा आजार. गोळी निकामी ठरवण्याआधी ती तू कधी घेतेस ते पाहू. पुष्कळदा घोळ तिथेच असतो.

ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या जातीच्या गोळ्या पोटात आधीच तयार झालेल्या आम्लाला काहीही करत नाहीत. त्या आतड्यातून रक्तात शिरतात, जठराच्या अस्तरातल्या पेशींपर्यंत पोचतात आणि आम्ल सोडणारे पंप बंद करतात. तेही फक्त त्या वेळी चालू असलेले. हे पंप जोरात चालू होतात ते खाल्ल्यावर, आणि औषध रक्तात काही तासच टिकतं. म्हणून गोळी नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी उपाशीपोटी घ्यायची, आणि नंतर नाश्ता खरोखर करायचा. नुसत्या चहा-कॉफीवर भागवलंस तर पंप पुरेसे जागे होत नाहीत. जळजळ सुरू झाल्यावर किंवा झोपताना घेतलेल्या गोळीचा बराचसा परिणाम वाया जातो. पंप रोज नवे तयार होतात, त्यामुळे पूर्ण गुण यायला तीन ते पाच दिवस लागतात. त्रास झाला की एक घ्यायची आणि बरं वाटलं की सोडायची, असं या औषधाचं चालत नाही. गोळी चावू किंवा कुटू नकोस. तिच्यावरचं आवरणच तिला जठरातल्या आम्लापासून वाचवतं.

दिवसातून एकदा, सलग आठ आठवडे, हा नेहमीचा पहिला टप्पा. पुढे काय करायचं ते डॉक्टरांना विचारून ठरव, पण अनेक महिने घेतलेली गोळी एका दिवसात तोडू नकोस. दाबून ठेवलेलं आम्ल काही आठवडे आधीपेक्षा जोरात तयार होतं, आजार परतल्यासारखं वाटतं आणि माणूस घाबरून पुन्हा गोळीकडे वळतो.

आता दुसरी बाजू. या आजारात आम्ल जास्त तयार होतं, असा समज आहे. बहुतेकांचं आम्ल नेहमीइतकंच असतं, ते फक्त चुकीच्या जागी पोचतं. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंचं एक कडं आहे. ते गिळताना उघडतं, पण पोट ताणलं गेलं की अधूनमधून आपोआपही सैल पडतं. गोळीने आम्ल घटतं, कडं घट्ट होत नाही. म्हणूनच जळजळ थांबली तरी पाणी किंवा अन्न घशाशी येत राहू शकतं. त्यावर इलाज पोटातल्या दाबाचा आणि झोपेचा.

रात्रीचं जेवण आणि आडवं होणं यांत तीन तास ठेव. एवढं एक पाळलंस तरी रात्रीचा त्रास बराच उतरेल. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली १५ ते २० सेंटिमीटरचे भक्कम ठोकळे लाव, किंवा खांद्यापासून कंबरेपर्यंत आधार देणारी पाचरीच्या आकाराची उशी घे. उशांची चळत रचू नकोस. तिने मान तेवढी वर जाते, शरीर कंबरेत दुमडतं आणि पोटावरचा दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोप. त्या बाजूला जठराचा मोठा फुगवटा अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहतो. कंबरेला आवळणारे कपडे टाळ. पोटाभोवती वजन वाढलं असेल तर ते उतरवण्याइतका टिकाऊ उपाय दुसरा नाही.

पथ्याची लांबलचक यादी मात्र भिंतीवर लावू नकोस. तेलकट, चॉकलेट, पुदिना, कॉफी, मद्य, फसफसणारी पेयं यांवर संशय जरूर घे, पण प्रत्येकाला सगळंच बाधत नाही. दोन आठवडे नोंद ठेव: काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी झाला. जे पुन्हापुन्हा सापडेल तेवढंच सोड. सगळं सोडून माणूस अशक्त होतो आणि शेवटी पथ्यच मोडतो.

मधेच जळजळ उठली तर अँटासिड, म्हणजे पोटातलं आम्ल मारणारं औषध, काही मिनिटांत आराम देतं, पण तो थोडाच वेळ टिकतो. थायरॉइडची गोळी, लोह किंवा काही अँटिबायोटिक चालू असतील तर अँटासिडमुळे ती नीट शोषली जात नाहीत. त्यांच्यात किती तासांचं अंतर ठेवायचं ते औषध देणाऱ्याला विचार. अल्जिनेट असलेलं औषध जेवणानंतर आणि झोपताना घ्यायचं असतं. ते जठरातल्या अन्नावर साईसारखा थर धरतं, म्हणून वर लगेच पाणी पिऊ नकोस. फॅमोटिडीन हे आम्ल घटवणारं दुसऱ्या जातीचं औषध रात्रीच्या त्रासाला चांगलं, पण रोज घेतलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत त्याचा जोर ओसरतो. ते अडीनडीला ठेव. तोंडात आंबट आलं तर लगेच दात घासू नकोस. आम्लाने मऊ झालेलं दातांचं आवरण ब्रशने झिजतं. नुसती चूळ भर आणि अर्धा तास थांब.

गिळताना घास अडकणं किंवा दुखणं, कारण नसताना वजन घटणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, यांपैकी काहीही दिसलं तर घरचे उपाय थांबव आणि लगेच डॉक्टरांना गाठ. छातीतलं दुखणं चालताना किंवा जिना चढताना वाढत असेल, हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल, तर ते पित्त समजून घरी बसू नकोस. थेट तातडीच्या विभागात जा.

एन्डोस्कोपी (तोंडातून नळी घालून अन्ननलिका आणि जठर पाहण्याची तपासणी) स्वच्छ आली म्हणजे तुझा त्रास मनाचा आहे, असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. या आजाराच्या पुष्कळ रुग्णांच्या अन्ननलिकेत जखम दिसत नाही. अशा वेळी अन्ननलिकेत किती वेळ आम्ल राहतं हे मोजणारी २४ तासांची तपासणी असते, तिच्याबद्दल डॉक्टरांना विचार.

उद्यापासून गोळी नाश्त्याआधी सुरू कर. दोन आठवड्यांनी नोंदवही पाठव. रात्री किती वेळा जाग आली, तेही त्यात लिही.