खाण बंद पडली, मग माणसं तिथंच का?

प्रश्न : आम्ही राहतो तिथून जवळच एक जुनी खाणवस्ती आहे, खाण बंद होऊन बरीच वर्षं झालीत. घरं पडायला आलीयत, कर्ती माणसं दिवसभर दारात बसून, कितीतरी जणांना धाप लागलेली. ही माणसं उठून दुसरीकडे का जात नाहीत असं सारखं मनात येतं आणि मग असा विचार केल्याची लाजही वाटते. आमचा ग्रुप कपडे, धान्य वाटायचं म्हणतोय. काही उपयोग होईल का?

उत्तर : लाज कशाला, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. पण जायचं तर कशाच्या जोरावर, ते आधी बघा. खाणवस्तीत नोकरी कंपनीची, घर कंपनीचं, दवाखाना, पाणी, लाइट, बऱ्याचदा शाळासुद्धा कंपनीचीच. दुसरीकडे कारखाना बंद पडला तर नोकरी जाते, इथं नोकरीमागोमाग सगळंच जातं. घर बहुतेक वेळा नावावर नसतं, आणि असलं तरी जिथून सगळेच निघायच्या बेतात आहेत तिथलं घर विकत घेणार कोण? शहरात खोलीचं डिपॉझिट भरायला तरी पैसे हवेत ना.

कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फिल्ड्सचं बघा. १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्र वीजकेंद्राहून तिथल्या सोन्याच्या खाणींना वीज आली, बंगळूर शहरात दिवे लागले १९०५ ला, म्हणजे एवढा त्या गावाचा थाट होता. २८ फेब्रुवारी २००१ ला खाणी बंद झाल्या आणि आता हजारो लोक पहाटेच्या ट्रेनने त्याच बंगळूरला कामाला जातात, रात्री परत येतात. तेव्हा लोक हलत नाहीत असं नाही हो, बिऱ्हाड हलवणं परवडत नाही.

आता दारात बसलेल्यांबद्दल, कारण आळशी म्हणून शिक्का त्यांच्यावरच बसतो. खडक फोडताना सिलिकाची जी बारीक धूळ उडते ती फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. खाण सोडली तरी तो वाढत राहू शकतो, कधी कधी तर काम सुटल्यावर कित्येक वर्षांनी दिसायला लागतो आणि पूर्ण बरं करणारं औषध नाही, वर टीबीचा धोका वाढतो तो वेगळाच. असा माणूस बांधकामावर विटा कशा उचलणार? ब्रिटनमध्ये १९८४-८५ चा मोठा संप मोडल्यावर पुढच्या दहा वर्षांत बहुतेक कोळसा खाणी बंद झाल्या, तिथं काम गेलेले खूप जण आजारपणाच्या भत्त्यावर गेले, त्यामुळे बेकारांच्या यादीत ते आलेच नाहीत आणि आकडे मात्र बरे दिसत राहिले.

बंद कशी करतात यावरही बरंच अवलंबून असतं. जर्मनीच्या रुर भागात १९५८ च्या सुमाराला कोळशाची मंदी सुरू झाली आणि शेवटची खाण बंद झाली डिसेंबर २०१८ मध्ये. साठ वर्षं! मधल्या काळात लवकर पेन्शन दिली, बोखुमला युनिव्हर्सिटी काढली. तरी तिथल्या गेल्सनकिर्शनमध्ये आजही बेकारी देशात सगळ्यात जास्त असलेल्या शहरांइतकी आहे, म्हणजे एवढं करूनही सगळं जमलं असं नाहीच. जिथं एका नोटिशीवर कुलूप लागलं तिथलं काय होत असेल, विचार करा.

कपडे, धान्य वाटायचं तर वाटा, पण फोटो नकोत प्लीज. माझ्या मते खरी गरज कागदांची असते. आजाराची भरपाई मागायची तर कोण किती वर्षं, कुठल्या कामावर होता याचा पुरावा लागतो आणि कंत्राटी मजुरांकडे तो बहुतेक नसतोच. जुने हजेरी पास, पगाराच्या स्लिपा, पीएफचे नंबर घरोघरी ट्रंकेत पडून असतात, ते गोळा करून कॉपी काढायला आणि अर्ज भरायला ग्रुपमधले दोघं-तिघं जरी नियमित बसले तरी खूप झालं, जुन्या युनियनमधला कुणी भेटला तर त्याला सोबत घ्या. डॉक्टर नेणार असाल तर छातीच्या आजारांचेच न्या, आणि पेशंट आधी काय काम करायचा हे विचारायला त्यांना आवर्जून सांगा, नुसतं टीबी लिहून मोकळे होणारे बरेच असतात.