ठाण्यात जुनी कन्व्हर्टिबल घ्यावी का? आधी छतावरचं पाणी कुठून बाहेर पडतं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घोडबंदर रोडला राहता, बजेट 15 लाखांपर्यंत, दिल्ली पासिंगची 2015 ची ऑडी ए3 कॅब्रिओले मनात भरली आहे. घरचे म्हणतात, छत उघडणारी गाडी हवीच असेल तर सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी हुडाची, मारुती जिप्सी घे. यातली कोणती पुढे मॉडर्न क्लासिक होईल, म्हणजे फार जुनी नसूनही लोक जपून ठेवतील अशी, आणि तिची किंमत वाढेल?

माझं उत्तर: गाडी जरूर घ्या, पण किंमत वाढेल या हिशेबावर घेऊ नका. आणि ठाण्यात किंवा नवी मुंबईत घेणार असाल तर इंजिनाच्या आधी छत तपासा. मी ठाण्यातच कापडी छताची गाडी सांभाळतो, ओळखीतल्या लोकांबरोबर अशा गाड्या बघायलाही जातो. इंजिनामुळे हातातून गेलेल्या कन्व्हर्टिबल मी कमी पाहिल्या. पाण्यामुळे गेलेल्या बऱ्याच पाहिल्या.

आधी किमतीचं बोलू. आपल्याकडे कायद्याने ‘व्हिंटेज’ ठरायला पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटावी लागतात. हे नियम 2021 साली आले. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी 20 हजार आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. 2015 ची ऑडी या व्याख्येत बसायला 2065 उजाडेल. तोवर ती सरकारदरबारी एक जुनी गाडीच आहे. 15 वर्षं झाली की फिटनेस, आरसीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर. नूतनीकरणाची फी साध्या कारला 5 हजार आहे, पण आरसीवर गाडी आयात वर्गात नोंदलेली असेल तर 40 हजार. 20 वर्षांपुढे 2025 पासून हेच आकडे दुप्पट झाले आहेत. गाडी दहा वर्षं ठेवायची असेल तर हा खर्च आजच वहीत मांडा.

दुर्मिळ गाडी म्हणजे क्लासिक, हा समजही सोडून द्या. माझ्दा एमएक्स-5 बघा. 1989 साली आली, 2016 पर्यंत दहा लाखांहून जास्त बनल्या, म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही. तरी जगभर लोक तिला जपतात, कारण ती दुरुस्त होते. पहिल्या पिढीच्या गाड्या नव्यासारख्या करून देण्याचं काम खुद्द माझ्दानेच जपानमध्ये सुरू केलं. ही गाडी भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, त्यामुळे परदेशी व्हिडिओ बघून तिच्या मागे लागू नका. उलट टोकाला आपल्या गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आहे: दोन सीट, फायबरची बॉडी, रेनोचं 1,149 सीसीचं इंजिन. गाडी गोड आहे, इतिहास आपला आहे, आणि रस्त्यावर सहसा दिसत नाही. पण बॉडीचा एखादा भाग किंवा काच फुटली तर नवी कुठून आणणार? तिच्यावर जीव असेल तर घ्या, त्या वेडाचा मला आदरच आहे. पहिली कन्व्हर्टिबल म्हणून मात्र मी ती सुचवणार नाही.

दुरुस्त होण्याच्या या कसोटीवर तुमची ऑडी वरवर पाहता चांगली ठरते. ए3 कॅब्रिओले डिसेंबर 2014 मध्ये आपल्याकडे आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत 45 लाखांच्या आसपास होती. 1.8 लिटर टर्बो पेट्रोल, 180 हॉर्सपॉवर, सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. याच घराण्याचं 1.8 टर्बो इंजिन त्या काळच्या स्कोडा ऑक्टाव्हियात होतं, आणि ऑक्टाव्हिया ठाण्यात प्रत्येक सोसायटीत एक तरी सापडेल. त्यामुळे इंजिनाची कामं करणारा चांगला स्वतंत्र मेकॅनिक मिळणं अवघड नाही. गिअरबॉक्सचा मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक भाग) आणि क्लच मात्र स्कॅनर लावून तपासून घ्या. कापूरबावडी ते माजिवडा रोज फूट-फूट सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये ड्युअल क्लच तापतो. थंड गाडीने आणि तापलेल्या गाडीने, दोन्ही वेळा सावकाश चालवून बघा. पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटका जाणवला तर पुढचं बोलणं थांबवा.

आता छत. ए3 चं कापडी छत 18 सेकंदांत उघडतं, आणि ताशी 50 किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीतही उघडतं. त्यासाठी हायड्रॉलिक पंप, सिलिंडर, नळ्या, सेन्सर आणि मोटर अशी सगळी जुळणी असते. हे भाग ऑक्टाव्हियात नाहीत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, हेडलाइट, बंपर, दरवाजे मिळतील, छताची फ्रेम मिळणं कठीण. नवं कापड बाहेरून मागवावं लागतं आणि ते बसवायला साधा कुशनवाला पुरत नाही. गाडीचा भाव याच भागावर करायचा.

ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कापडी छत सगळं पाणी वरच अडवतं, ही आपली समजूत खरी नाही. बरंचसं पाणी ते कडेच्या पन्हळीत उतरवतं, पन्हळीतून बारीक नळ्यांनी ते गाडीच्या खाली जातं. त्या नळ्यांची तोंडं बोटाएवढीही नसतात. गुलमोहराची इवली पानं, पर्जन्यवृक्षाचा कचरा, कबुतरांची पिसं आणि आपल्याकडच्या बांधकामांची धूळ मिळून तिथे चिखलाचा बूच बसतो. मग पाण्याला दुसरी वाट आतच मिळते: कार्पेटखाली, डिकीच्या तळाशी, कंट्रोल मॉड्यूलच्या जोडण्यांत. 2002 ते 2008 च्या बीएमडब्ल्यू झेड4 चं हे दुखणं जगभर माहीत आहे. छताची मोटर कोपऱ्यात खाली बसवलेली, निचऱ्याची नळी तुंबली की मोटर पाण्यात. नळी साफ करायला काही मिनिटं पुरतात. ती वेळेत साफ झाली नाही तर मोटर जाते.

म्हणून गाडी बघायला जाताना एक बाटली पाणी आणि टॉर्च घेऊन जा. छत अर्धं उघडून पन्हळीत हळूहळू पाणी ओता, आणि चाकाजवळ ते खाली पडतं का ते वाकून बघा. दोन्ही बाजूंना. एका बाजूने ओघ आणि दुसऱ्या बाजूने थेंबथेंब, तर नळी तुंबली आहे. मग डिकीचा तळ उचला, चारही मॅट काढून कार्पेटखालच्या फोममध्ये बोट दाबून बघा. वरून कोरडा लागणारा फोम खालून ओला असतो, आणि आतला कुबट वास कोणत्याही परफ्यूमखाली लपत नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. पुरात बुडालेल्या गाडीच्या बेल्टवर गढूळ पाण्याची रेघ राहते, आणि कितीही डिटेलिंग केलं तरी ती पूर्ण जात नाही. हे 2015 च्या गाडीला जास्तच लागू आहे. त्याच वर्षी डिसेंबरात चेन्नईच्या पुरात कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या, आणि असा माल राज्याराज्यांत फिरतो. विम्याचा क्लेम इतिहास मागा. देत नसतील तर तेही एक उत्तरच आहे.

छत किमान तीन वेळा उघडा आणि बंद करा, इंजिन चालू ठेवून. विक्रेते सहसा एकदाच दाखवतात, कारण दमलेला पंप पहिल्या वेळी काम करतो आणि तिसऱ्या वेळी रडतो. दोन्ही बाजू सारख्या वेगाने उठतात का, शेवटी लॉक एका दमात बसतं का, मागच्या काचेची कापडाला चिकटवलेली कड सुटली आहे का, हे बघा. शक्य असेल तर गाडी जुलैत घ्या. तेव्हा भाव करायला पाऊसच तुमच्या बाजूने उभा असतो.

दिल्लीच्या गाडीबद्दल दोन गोष्टी. तिथे जुन्या गाड्यांवर निर्बंध असल्यामुळे भाव खाली असतो, हे खरं. खाऱ्या हवेचा गंजही सहसा नसतो. वाशी-नेरुळला खाडीलगत दहा वर्षं उभी राहिलेली गाडी खालून बघितलीत तर हा फरक कळेल. पण त्या छताने आपला पावसाळा पाहिलेला नाही. कोरड्या उन्हात रबरी सील कडक होतात, तिथे ते खपून जातं, आणि ठाण्यातल्या पहिल्याच जूनमध्ये ड्रायव्हरच्या खांद्यावर पाणी येतं. सील नखाने दाबून बघा: मऊ रबर परत उठतं, मेलेलं दबून राहतं. दुसरं, कागद. दुसऱ्या राज्यातली गाडी 12 महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर इथली नोंदणी लागते. तिथल्या आरटीओची एनओसी, मग एमएच-04 नंबर आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. हा टॅक्स गाडीची मूळ किंमत आणि वय धरून निघतो, तुम्ही मोजलेल्या रकमेवर नाही. 45 लाखांच्या गाडीवर तो किती होतो, हे टोकन द्यायच्या आधी ठाणे आरटीओतून लिहून आणा. दिल्लीतला ‘स्वस्त’ भाव बहुतेक वेळा इथेच संपतो.

कुणी छत कापून बनवलेली ‘कन्व्हर्टिबल’ दाखवली तर बघायलाही जाऊ नका. मोनोकॉक गाडीला, म्हणजे वेगळी चॅसी नसून बॉडी हाच सांगाडा असलेल्या गाडीला, छत हा तिच्या ताकदीचा भाग असतो. कंपनी कन्व्हर्टिबल बनवते तेव्हा दाराखालच्या पट्टीपासून पुढच्या काचेच्या चौकटीपर्यंत सगळं मजबूत करते, गल्लीतला कारागीर ते करू शकत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असा मूलभूत बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं.

सॉफ्ट टॉप जिप्सीला ताकदीची ही अडचण येत नाही, कारण तिची ताकद खालच्या शिडीसारख्या चॅसीत असते. घरच्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. 1985 पासून तीन दशकांहून जास्त काळ ती बनली, लष्कर, पोलीस, रॅली आणि जंगल सफारीत वापरली गेली, आणि आज तिच्यामागे लागलेली तरुण मुलं तुम्हाला प्रत्येक शहरात भेटतील. भारतात मॉडर्न क्लासिक कुणाला म्हणायचं तर मी सॉफ्ट टॉप जिप्सीचं नाव आधी घेईन. तिच्या हुडात पंप नाही, सेन्सर नाही. कापड फाटलं तर ताडपत्री आणि हुडाचं काम करणारा नवं शिवून देतो. चॅसीचा गंज, लष्करी लिलावातल्या गाडीचे कागद आणि आरसीवरचा बॉडी प्रकार नीट बघा. मात्र रोजच्या प्रवासात ती दणदण उडते, आवाज करते, पावसात आत शिंतोडे येतात. लहान मुलं किंवा आईवडील बरोबर असतील तर हे हलक्यात घेऊ नका.

पार्किंगचं विचारलं नाहीत, पण तेच आधी ठरवा. पोडियमखाली जागा असेल तर उत्तम. सोसायटीत एकावर एक गाडी ठेवणारं मेकॅनिकल पार्किंग असेल तर वरचाच मजला मागून घ्या. खालच्या गाडीच्या छतावर वरून ऑइलचे थेंब पडतात, आणि कापडातला ऑइलचा डाग जात नाही. उघड्यावर ठेवायची असेल तर कापडी छताची गाडी घेऊच नका, हे मी ठामपणे सांगतो. गाडी धुणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा: छताला डिटर्जंट नाही, कडक ब्रश नाही, प्रेशरचं पाणी नाही. ओलं छत दुमडून ठेवायचं नाही, घड्यांत बुरशी धरते. पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा गाडी फिरवा आणि कोरड्या जागी छत एकदा पूर्ण उघडून मिटा, नाहीतर हायड्रॉलिकचे सील सुकतात. उंदरांचा बंदोबस्त वेगळा करावा लागेल, ठाण्यात तो सगळ्याच गाड्यांना लागतो.

इतकं सगळं कशासाठी, असं वाटेल. डिसेंबरातल्या रविवारी सकाळी लवकर, छत उघडं टाकून, ठाणे-बेलापूर रोडने जाऊन पाम बीच रोडला लागा. डाव्या-उजव्या बाजूची हवा, खाडीचा वास, वर मोकळं आकाश. बंद गाडीत बसून तो रस्ता कितीही वेळा केला असेल, तरी तो तुम्हाला नवा वाटेल. आपल्याकडे असे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच, पण त्यांच्यासाठी बाकीचे आठ महिने गाडी जपायला मी आनंदाने तयार असतो.

तर तुमच्या दोन पर्यायांत: तुमच्याकडे झाकलेलं पार्किंग असेल, पाण्याची चाचणी दोन्ही बाजूंनी पास झाली, गिअरबॉक्स स्वच्छ निघाला, आणि रोड टॅक्स धरूनही गाडी 12 लाखांच्या आत बसली, तर ऑडी घ्या आणि उरलेले 3 लाख फक्त छतासाठी वेगळे ठेवा. यातली एकही अट हुकली तर महाराष्ट्र पासिंगची, मूळ सॉफ्ट टॉपची, कमीत कमी छेडछाड झालेली जिप्सी शोधा. ती शोधायला वेळ लागेल, चांगल्या जिप्सी लोक सहज सोडत नाहीत.