फीसाठी शेत विकावे का?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी झाली. केंद्रीय प्रवेश फेरीतून तिला एका खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शाखा मिळत आहे; मात्र तिला संगणक शाखाच हवी असून ती एका अभिमत विद्यापीठात वर्षाला साडेतीन लाख रुपये भरल्यास मिळेल. आम्ही इतर मागास प्रवर्गातील आहोत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सव्वासात लाख आहे. मी ५३ वर्षांचा असून ५८व्या वर्षी निवृत्त होईन. वीस गुंठे शेत विकावे की कर्ज काढावे? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : पैसा कोठून आणायचा, हे ठरवण्यापूर्वी प्रवेश कोणत्या मार्गाने होतो आहे ते पाहा, कारण तुमच्या बाबतीत सारा फरक तिथेच आहे. शासनाच्या जुलै २०२४च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ होते. व्यवस्थापन कोट्याला आणि खासगी अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. म्हणजे पहिल्या जागेसाठी तुमचा खर्च मुख्यतः वसतिगृह, जेवण आणि इतर किरकोळ शुल्कांचा राहील. दुसऱ्या जागेसाठी नुसते शुल्कच चौदा लाख होईल.

आता कर्जाचा हिशेब मांडू. व्याजदर दहा टक्के धरला आणि दर वर्षी साडेतीन लाख उचलले, तर शिक्षणाची चार वर्षे व त्यानंतरचे सवलतीचे एक वर्ष यांत सरळव्याजानेच सुमारे ४ लाख ९० हजार रुपये साठतात. ही रक्कम मुद्दलात मिळवून दहा वर्षांत फेड करायची म्हटल्यास महिन्याचा हप्ता जवळजवळ पंचवीस हजारांचा होतो. शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर तो साडेअठरा हजारांवर येतो, पण तेवढे व्याज तुमच्या पगारातून निघायला हवे. शिवाय हप्ते सुरू होतील ते नेमके तुमच्या निवृत्तीच्या वर्षी, आणि मुलीला नोकरी लागायला उशीर झाला तर सहकर्जदार म्हणून बँक तुमच्याकडेच येईल. साडेसात लाखांपुढच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात. थकलेल्या कर्जापोटी न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नसल्यामुळे ती तारण म्हणून घ्यायला त्या फारशा राजी नसतात, आणि मग राहते घर गुंतवावे लागते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, शेत विकू नये आणि इलेक्ट्रॉनिक्सची जागा घ्यावी. मुलीचा हिरमोड होईल, याची मला जाणीव आहे. परंतु या शाखेतून सॉफ्टवेअर क्षेत्रात जाणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत, आणि अनेक महाविद्यालयांत जादा श्रेयांक घेऊन संगणक विषयाचे उपविशेषीकरण करता येते. तशी सोय तिथे आहे का, हे प्रवेशापूर्वी विचारून घ्या. वरचे आकडे तिच्यासमोर ठेवून तिच्याशी मोकळेपणाने बोला. कर्ज काढले असते तर ते तिच्याही नावावर चढले असते.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र हाती नसेल, तर आजच अर्ज करा; प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रांवर गर्दी उसळते आणि मुदत कोणासाठी थांबत नाही.