पीनट बटरच्या चॉकलेटवर दुसऱ्या दिवशी पांढरे डाग का येतात? आणि पूर्ण बुडवली तर चालतात का?

दुसरा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय, पण मी आधी तोच घेणार. पूर्ण बुडवली तर चॉकलेट म्हणून चालतील, बकआय (पीनट बटरची गोळी, चॉकलेटमध्ये बुडवलेली) म्हणून नाही.

आम्ही ओहायोत, कोलंबसला राहतो. बकआय हे इथलं झाड, 1953 पासून राज्यवृक्ष. त्याची बी तपकिरी, चकचकीत आणि तिच्यावर एक फिकट गोल. (ती बी विषारी असते, चाखायला जाऊ नका.) गोळी तशी दिसावी म्हणून वर पीनट बटर उघडं ठेवायचं. नोव्हेंबरच्या शेवटी इथल्या विद्यापीठाच्या 'बकआइज' संघाची मिशिगनबरोबर अमेरिकन फुटबॉलची मॅच असते, तेव्हा इथे घरोघरी हेच चालतं.

एकदा त्याच सुमाराला मोठ्या जाऊबाई न्यू जर्सीहून आल्या होत्या. भरलेलं ताट बघून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अगं, चॉकलेट कमी पडलं का?" आणि उरलेल्या गोळ्या स्वतः नखशिखान्त बुडवून, वर काट्याने रेघा ओढून मांडल्या. वाहवा झाली. मला हे शिकवणाऱ्या शेजारच्या आजीबाईंनी त्यातली एक उचलली, उलटसुलट केली आणि विचारलं, "या कसल्या?" पण ते जाऊबाईंनी ऐकलं नाही. आजही घरच्या ग्रुपवर त्यांचेच फोटो फिरतात, "आमच्या हातचे बकआय" म्हणून.

अहो, उघडा गोल ठेवणं हेच तर कसब! गोळी थंड करून टूथपिकला टोचायची, बुडवून वर काढली की टूथपिक बोटांत हलकेच फिरवायची, म्हणजे शेवटचा थेंब निथळतो. नाहीतर बुडाशी चॉकलेटचं थारोळं होतं. बटर पेपरवर ठेवून टूथपिक काढायची आणि भोक कोरड्या बोटाने बुजवायचं. पूर्ण बुडवलं की वेडीवाकडी गोळीही खपून जाते.

डागांचं म्हणाल तर चॉकलेट नीट टेम्पर झालेलं नाही, म्हणजे ठरावीक तापमानांना वितळवून, निववून घट्ट होण्याजोगं केलेलं नाही. डार्क असेल तर 45 अंशांपर्यंत वितळवा, ढवळत 28 पर्यंत उतरवा, पुन्हा 31-32 वर आणून बुडवा. एवढा व्याप नको असेल तर कंपाउंड (कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल घातलेलं चॉकलेट) वापरा. चव बेताचीच, पण टेम्परिंगची कटकट नाही. फ्रिजमधून काढल्यावर दव धरलं तर साखर विरघळून वर येते, तेही डागच. डबा बंद ठेवूनच बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. आणि मिक्सरवर घरी काढलेलं पीनट बटर नको. त्याचं तेल सुटतं, चॉकलेटमध्ये झिरपतं आणि वर पांढुरकं येतं. "घरचं ते घरचं" हेही जाऊबाईंचंच वाक्य. बाजारातल्या साध्या पीनट बटरमध्ये तेल धरून ठेवायला थोडं घट्ट वनस्पती तूप असतं, इथे तेच हवं. खोबरेल घालून चॉकलेट पातळ करायचा सल्लाही मिळेल, पण ते 24 अंशांच्या आसपासच वितळतं. पुण्यात एप्रिलमध्ये बोटं चाटत बसाल.

उघडा भाग लवकर कोरडा पडतो हे खरं. बरेच दिवस ठेवायच्या किंवा कुरियरने पाठवायच्या असतील तर पूर्ण बुडवलेल्याच बऱ्या. फक्त त्यांना बकआय म्हणू नका. आणि मुलांच्या शाळेत न्यायच्या असतील तर आधी विचारा, इथे दाण्याची ॲलर्जी असलेली मुलं पुष्कळ असतात.