स्वीट पीच्या कळ्या का गळतात?

प्रश्न : ताई, आम्ही कोल्हापूरला राजारामपुरीत राहतो, टेरेसवर कुंड्या आहेत. डिसेंबरात स्वीट पी, म्हणजे तो सुवासिक फुलांचा वेल, लावलं, वेल हिरवागार झाला पण कळ्या पिवळ्या पडून गळाल्या, दर आठवड्याला युरियाचं पाणी घालूनसुद्धा. आणि याच्या शेंगा मटारसारख्याच दिसतात, भाजीत चालतील का?

उत्तर : शेंगांचं आधी सांगते. अजिबात खायच्या नाहीत, बिया विषारी असतात, घरात लहान मुलं असतील तर वाळलेल्या शेंगा वेलावर ठेवूच नका.

आता कळ्या. हा वेल मूळचा सिसिली, दक्षिण इटलीकडचा, १६९९ च्या सुमारास कुपानी नावाच्या धर्मगुरूने तिथून इंग्लंडला बी पाठवलं आणि मग तो जगभर गेला. तिकडे तो थंडीत वाढतो आणि कडक उन्हाळा लागला की बी धरून वाळतो, त्यामुळे डिसेंबरात लावलेल्याला कळ्या येईपर्यंत आपल्याकडे मार्च उजाडतो, दुपारचं ऊन पस्तीसला टेकतं, वर टेरेसचा स्लॅब तापलेला, मग कळी टिकणार कशी? त्यात युरिया, म्हणजे नुसता पाला. तो बंदच करा, लावतानाच मातीत कुजलेलं शेणखत मिसळा, पुढे कळ्या दिसल्या की थोडं पोटॅशचं खत द्या, बास.

यंदा पाऊस उघडला की ऑक्टोबरमध्येच बी टाका. बी टणक असतं, त्याच्या डोळ्याच्या, म्हणजे बी शेंगेला जिथे चिकटलेलं असतं त्या ठिपक्याच्या, विरुद्ध बाजूला नेलकटरने टवका काढायचा, आतला पांढरट भाग जेमतेम दिसला की थांबायचं, मग रात्रभर भिजत घालायचं. कुंडी निदान फूटभर खोल पाहिजे कारण मुळं खाली जातात, आणि आपली काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून तिच्यात वाळू नि शेणखत सढळ हाताने घाला. ऑक्टोबरचं ऊन रोपांना सोसत नाही, दुपारी सावली करा. तीन-चार पानांच्या जोड्या आल्या की शेंडा खुडा, जीवावर येतं पण खुडाच, बाजूने फुटवे येतात आणि फुलं त्यांच्यावरच जास्त लागतात. चढायला सुतळी किंवा जाळी द्या, तणावे बारीक असतात, जाड बांबू त्यांना धरता येत नाही.

पाणी बोट घालून माती बघूनच, कारण सारखी ओली राहिली तरी कळ्या गळतात. थंडीत पानांवर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी, दिसली तर ती पानं काढून टाका आणि वेल जरा मोकळा करा.

फुलं लागली की दोन दिवसाआड कापून घरात ठेवा, वासाने खोली भरून जाते. झाडावरच ठेवली तर शेंगा धरतात आणि वेल पुढची फुलं द्यायचं थांबवतो.