आधी वरचा बोल्ट, मग खालचा

प्रश्न: काका नमस्कार. आमच्याकडे २०१६ ची बोलेरो पिकअप आहे, टोमॅटो नारायणगाव मार्केटला नेतो आणि भाव बघून कधी माळशेज घाट उतरून कल्याणला पण जातो. मागच्या महिन्यात ओढ्याच्या मोरीवरून पाणी चाललं होतं, भरलेली गाडी तशीच काढली, पाणी मागच्या हाउसिंगच्या (मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा, ज्यात डिफरन्शियल असतं) वर होतं. आता गॅरेजवाले म्हणतात हाउसिंगचं ऑइल बदलून घे. वडील म्हणतात गाडी पळतीये ना, मग कशाला खोलतो. इंजिन ऑइल मी स्वतःच बदलतो, पाने सगळे आहेत. हे काम घरी जमेल का?
(वाचक, जुन्नर तालुका)

उत्तर: जमेल रे, न जमायला काय झालं. आणि वडिलांना सांग, गाडी पळतीये हे खरं आहे पण हाउसिंगचं ऑइल खराब झालं म्हणून डॅशबोर्डवर कुठला लाइट लागत नाही, ते बिचारं गप्प बसतं आणि बोलतं तेव्हा क्राऊन-पिनियन, म्हणजे आतली चाकं फिरवणारी दातेरी जोडी, गेलेलं असतं.

पाणी आत कसं जातं ते आधी समजून घे, कारण सगळ्यांना वाटतं हाउसिंग तर बंद डबा आहे. घाटात माल भरून आलेल्या गाडीचं हाउसिंग एवढं तापतं की हात ठेववत नाही, आणि तसंच तापलेलं ते पाण्यात गेलं की आतली हवा एकदम गार होऊन आकसते, मग ती बाहेरून ओढायला लागते. हाउसिंगच्या डोक्यावर एक छोटीशी टोपी असते, ब्रीदर म्हणतात, तिथून ओढते नाहीतर सीलच्या, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी रिंगच्या, कडेनं. बाहेर पाणी असेल तर पाणीच ओढणार ना. म्हणजे पाण्यात किती वेळ होता यापेक्षा गाडी किती तापलेली होती हे जास्त महत्त्वाचं, आणि तुझी तर भरलेली होती.

आता काम. गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आण म्हणजे ऑइल पातळ होईल आणि तळातला गाळ पण सोबत येईल. सपाट जागेवर लाव, हँडब्रेक ओढ, गिअरमध्ये ठेव, चाकांना पुढंमागं दगड. जॅक लावू नको, पिकअपच्या खाली तसंही आरामात शिरता येतं, आणि गाडी एका बाजूनं उचलली की ऑइलची लेव्हल चुकते, शिवाय नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली झोपणारी माणसं मी पाहिलीत, त्यांच्याबद्दल इथं लिहीत नाही.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक नेहमी उलटं करतात. आधी भरायचा बोल्ट म्हणजे वरचा खोलायचा, तो हातानं फिरायला लागला की मगच खालच्याला पाना लावायचा. मी शिकाऊ असताना ऐटीत खालचा खोलला, सगळं ऑइल टबात, आणि वरचा बोल्ट गंजून एवढा धरलेला की पान्यानं त्याचे कोपरेच गोल झाले. गाडीत कांदा भरलेला, हाउसिंग रिकामं, गाडी हलवता येईना. शेवटी दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाला आणून त्या बोल्टवर नट वेल्ड करून तो काढला. मालक जे बोलला ते छापता येणार नाही. म्हणून बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सुटायचा स्प्रे मारून ठेव आणि पाना बरोब्बर मापाचा घे.

ऑइल उतरलं की फेकायची घाई करू नको, बघ. काळपट असेल तर वय झालंय एवढंच. चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर पाणी गेलेलं आहे. बोल्टला लोहचुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असतो, तो असायचाच, बोटानं पुसून टाक. पण नखाला टोचेल असा लोखंडाचा कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर पुढं ऑइल भरायचा खर्च करू नको, आधी हाउसिंग उघडून दाखव. आणि आत डिझेल ओतून धुवायचं जे कौतुक चालतं ते करू नको, कोपऱ्यात राहिलेलं डिझेल नवीन ऑइल पातळ करतं. पाणीच निघालं तर नवीन ऑइल भर, दोन-तीनशे किलोमीटर चालव आणि परत एकदा बदल. डबल खर्च आहे, मान्य, पण क्राऊन-पिनियनपेक्षा स्वस्त.

ऑइल दुकानात आपण ‘नव्वद नंबर’ म्हणून मागतो, तेवढ्यावर थांबू नको, डब्यावर जीएल-५ (हा गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलंय का बघ आणि ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेलाच घे. मागं लॉकिंगवालं डिफरन्शियल असेल तर मॅन्युअल दोनदा वाच, काहींना वेगळं ऑइल लागतं. किती लिटर तेही तिथंच मिळेल, पण खरं माप भोकच सांगतं, वरच्या भोकाच्या खालच्या काठावरून ऑइल बाहेर ओघळायला लागलं की बास. जास्त कोंबू नको, ते तापून सीलमधून निघतं आणि मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये लायनरवर जातं, मग घाटात ब्रेक मारल्यावर कळतं. ऑइल मधासारखं जाड असतं, नरसाळ्यानं जाणार नाही, हातपंप किंवा पाइप लावलेली बाटली वापर. आमच्याकडे एकानं रंगपंचमीच्या मोठ्या पिचकारीनं भरलेलं आणि छान भरलेलं. फवारणीचा पंप मात्र वापरू नको, पुन्हा औषध मारायला तो कामाचा राहत नाही. थंडीत डबा अर्धा तास उन्हात ठेव.

बोल्टचे वॉशर नवीन टाक, आवळताना पान्याला पाइप घालून ताकद दाखवू नको. शेवटी ब्रीदरची टोपी काढून साफ कर, चिखलानं बुजलेली असणारच, आणि ती बुजली की आतली गरम हवा सीलमधून ऑइल ढकलते, मग लोक सीलवर सील बदलत बसतात. जुनं ऑइल विहिरीच्या किंवा ओढ्याच्या आसपास सुद्धा सांडू नको, डब्यात भरून गॅरेजच्या बॅरलमध्ये दे, हे घातक कचऱ्यात धरलं जातं.

प्रश्न: हाउसिंगचं जीएल-५ ऑइल उरलंय, गिअर बॉक्सला चालेल का?

उत्तर: मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल तर नको. हाउसिंगमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसवलेला असतो म्हणून दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत पण जातात, त्यासाठी जीएल-५ मध्ये गंधकाचं औषध जास्त असतं, तो कुजका वास त्याचाच. पण गिअर बॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगला (गिअर टाकताना वेग जुळवते ती) ते मानवेलच असं नाही, आणि जास्त घसरडं झालं तर गिअर पडताना खरखर येते. उरलेलं ऑइल झाकण घट्ट लावून ठेव.

प्रश्न: ऑइल बदललं तरी साठच्या पुढे मागून गुंऽऽ आवाज येतो. कुणी म्हणतं १४० नंबर टाक.

उत्तर: जाड ऑइलनं आवाज थोडा दबतो, दाताची झीज तिथंच राहते. गाडी विकताना लोक हे करतात, पूर्वी तर लाकडाचा भुसा सुद्धा घालायचे. ॲक्सिलेटर दाबल्यावर आवाज वाढतो आणि सोडल्यावर बदलतो का बघा, तसं असेल तर क्राऊन-पिनियन किंवा पिनियनचं बेअरिंग. फक्त वळणावर बदलत असेल तर आधी चाकाचं बेअरिंग तपासा, तो खर्च बराच कमी आहे.