आजीची एमआरआयची सीडी

पत्र: "मी सोलापुरात यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहे, माग जुळवायचं आणि दुरुस्त करायचं काम. मुलीची बारावी गेल्या वर्षी झाली. नीट दोनदा दिली. दुसऱ्यांदा मार्क वाढले, पण सरकारी सीट मिळेल एवढे नाहीत. तिसऱ्या वेळेसाठी लातूरला ठेवायचं ठरवलंय, खोलीचं डिपॉझिट भरलंय. नीटवर लक्ष राहावं म्हणून अकरावीलाच गणित सोडायला लावलं होतं. तिच्या बारावीच्या वर्षी माझी आई अर्धांगवायूनं गेली. सकाळी उठली ती बोबडी बोलत, एक बाजू लुळी. आधी तेल चोळलं, मग लकव्याचं औषध देतात त्या गावी नेलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. चार महिने अंथरुणावर होती. थोरल्या भावालाही ५२व्या वर्षी अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय. घरात डॉक्टर असता तर आई वाचली असती, हे मी मुलीला रोज सांगतो. पण ती म्हणते, मला पेशंट तपासायचे नाहीत, मेंदूचे स्कॅन आणि जनुकं यांवर संशोधन करायचंय. दवाखान्यातही डॉक्टरांना विचारत बसायची, सीटी स्कॅन चांगला आला तर आजीचा हात का हलत नाही. एमबीबीएस न करता असलं संशोधन म्हणजे एमआरआयच्या खोलीत बटणं दाबणं, असं मला वाटतं. आमच्या घराण्यातच हा रोग आहे. मलाही बीपी आहे, गोळ्या अधूनमधून घेतो. सगळ्यांची जनुकीय तपासणी करून घ्यावी का? आणि मुलीला जरा समजावून सांगा."
– एक पालक, सोलापूर

दादा, पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच शब्दाशी थांबले. 'रोज'.

घरात डॉक्टर असता तर आई वाचली असती, हे तुम्ही मुलीला रोज सांगता. तुमच्या तोंडून हे आईच्या आठवणीनं निघतं, हे मला कळतं. पण सतरा-अठरा वर्षांच्या पोरीच्या कानात ते कसं शिरतं? आजी गेली, कारण मी अजून डॉक्टर झाले नव्हते. बारावीत शिकणाऱ्या मुलीनं डॉक्टर असायला हवं होतं, असा हिशोब कुठलाही बाप मांडणार नाही. तुम्हीही मांडलेला नाही. पण रोज ऐकून तिच्या मनात तो तसाच मांडला जातो. पहिली नीट तिनं घरात आजी अंथरुणाला खिळलेली असताना किंवा नुकतीच गेलेली असताना दिली. दुसरी हे वाक्य वर्षभर ऐकत दिली. आणि तुम्ही लिहिता, मार्क कमी पडले. मला तर ते वाढले याचंच आश्चर्य वाटतं.

आईंच्या बाबतीत काय झालं, ते तुमच्याच पत्रात आहे. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. झोपेतून उठल्यावर लक्षणं दिसली, तर रात्री शेवटचं बरं पाहिलं तेव्हापासून वेळ मोजतात. त्यामुळे तुम्ही सकाळीच धावत गेला असतात तरी ते नक्की मिळालं असतं, असं मी म्हणणार नाही. तेल चोळण्यात आणि त्या गावी जाण्यात जो दिवस गेला, तो मात्र गेलाच. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. कितीतरी घरांत अजून हेच होतं. पण तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं की थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात न्यायचं, एवढं ठाऊक असायला घरात एमबीबीएस लागत नाही. शेजारच्या दुकानदाराला ठाऊक असलं तरी पुरतं.

आता पत्रातलं दुसरं वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंय: मलाही बीपी आहे, गोळ्या अधूनमधून घेतो. दादा, आई गेली, थोरल्या भावाला झटका आला, आणि तुम्ही गोळ्या अधूनमधून घेता? मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाबद्दल तुमच्या डॉक्टरांशीच बोला, पण या आठवड्यात बोला. लातूरच्या खोलीआधी.

जनुकीय तपासणीचा प्रश्नही यालाच जोडून आहे, आणि तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथं आहे. 'घराण्यात रोग आहे' म्हणजे रक्तात काहीतरी लिहून ठेवलंय आणि तपासणीत ते वाचता येईल, असं तुम्ही धरून चालला आहात. फार थोड्या घरांत तसं असतं. कॅडासिल नावाचा एक आजार आहे. नॉच-३ या एकाच जनुकातल्या बिघाडानं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि बीपी नसतानाही तरुणपणी किंवा मध्यम वयात झटके येऊ लागतात. हे जनुक १९९६ मध्ये सापडलं. अशी शंका आली तर मेंदूरोगतज्ज्ञ स्वतःच तपासणी सांगतात. बाकी बहुतेक घरांत गोष्ट वेगळी असते. २०२२ मध्ये जगभरातल्या १ लाख १० हजार रुग्णांची जनुकं, झटका न आलेल्या १५ लाख माणसांच्या जनुकांशी ताडून पाहिली, तेव्हा झटक्याशी नातं असलेल्या ८९ जागा सापडल्या. यातली एकेक जागा धोका किंचित वाढवते. तुम्ही जॉबर आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल: ताण्यातली एक तार जराशी कच्ची असली म्हणून चादर फाटत नाही. ती फाटते रोजच्या ओढीनं. आणि ती ओढ कशाची, तेही बऱ्यापैकी ठाऊक आहे. भारत धरून ३२ देशांत झालेल्या एका अभ्यासात झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका बदलता येण्याजोग्या दहा गोष्टींशी जोडला गेला. त्यांत पहिला नंबर बीपीचा. शिवाय घराण्यातून नुसती जनुकं येत नाहीत. जेवणातलं मीठ, तंबाखूची पुडी, गोळी चुकवायची सवय, हेही घराण्यातूनच येतं. तेव्हा सगळ्या घराच्या तपासणीवर पैसे घालवू नका. बीपी मोजायचं यंत्र आणा आणि सगळ्यांचं मोजा.

मुलीबद्दल मात्र तुम्हालाच समजून घ्यावं लागेल. मी तिला काही समजावणार नाही.

सीटी चांगला आला तर हात का हलत नाही, हा प्रश्न तुम्ही 'डॉक्टरांना विचारत बसायची' अशा तक्रारीच्या सुरात लिहिलाय. माझ्याकडे वर्षाला कितीतरी मुलं येऊन 'मला रिसर्च करायचाय' म्हणतात. कशावर, असं विचारलं की गप्प होतात. तुमच्या मुलीनं आजीच्या खाटेशेजारी उभं राहून नेमका तोच प्रश्न विचारला, ज्याच्या भोवती मेंदूच्या स्कॅनचं हे शास्त्र फिरतं. सीटीचं पहिलं काम रक्तस्राव झालाय का ते पाहणं. रक्त गोठून आलेला झटका सुरुवातीच्या तासांत सीटीत दिसेलच असं नाही, आणि मेंदूच्या खालच्या भागात, जिथं कवटीची हाडं जाड असतात, तिथं तर सीटीची नजर कमी पडते. एमआरआयमध्ये डिफ्यूजन नावाची एक पद्धत आहे. ती पेशींमधल्या पाण्याची हालचाल टिपते. रक्त मिळेनासं झालं की पेशी फुगतात, पाण्याची हालचाल अडते आणि तो भाग थोड्याच वेळात पांढरा चमकू लागतो. आईंचा एमआरआय नंतर झाला असेल, तर मुलीला बहुधा तो पांढरा ठिपका कुणीतरी दाखवला असणार. तो तिच्या डोक्यातून गेलेला नाही, एवढंच.

आणि बटणं दाबण्याचं म्हणाल, तर एमआरआय तंत्रज्ञाचं काम कौशल्याचं आणि मानाचं आहे, त्याला असं हिणवू नका. पण मुलगी म्हणते ते काम निराळं. हजारो माणसांच्या स्कॅनमधून म्हातारपणी मेंदूत पडणारे पांढरे डाग मोजायचे, ते कुणात जास्त, कुणात कमी ते पाहायचं, मग त्याच माणसांच्या जनुकांशी जोडायचं. त्यातून कुठल्या रक्तवाहिन्या का बिघडतात याचा माग लागतो आणि नव्या औषधांना दिशा मिळते. रक्त गोठण्याच्या साखळीतल्या 'फॅक्टर इलेव्हन' या दुव्याकडे जनुकांनीही असंच बोट दाखवलं आहे, आणि तो रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्या झटका टाळण्यासाठी चालू आहेत. या कामात मेंदूरोगतज्ज्ञ असतात, पण त्यांच्याइतकेच संख्याशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ, संगणक जाणणारे लोक असतात. रुग्ण तपासण्याची इच्छा नसलेल्या मुलीला फक्त यासाठी एमबीबीएसला घालणं म्हणजे तिची वर्षं आणि एक सीट, दोन्ही वाया घालवणं.

मी मघाशी सांगितलेल्या त्या ८९ जागांच्या अभ्यासात आपल्याकडच्या, दक्षिण आशियातल्या, लोकांचा वाटा अगदी तुटपुंजा होता. आपल्याकडे जीनोम इंडिया प्रकल्पात सुमारे १०,००० भारतीयांची जनुकं वाचली गेली आणि २०२५च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांना खुली झाली. ती वाचायला माणसं लागणार आहेत. यंत्रमागाच्या वस्तीत वाढलेली, आजी अशी गेलेली एक मुलगी त्यांत का नसावी?

आता वाटा. पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञान संशोधन संस्थांची सामाईक प्रवेश परीक्षा तिच्यासाठी उत्तम होती, पण तिला बारावी त्याच किंवा आदल्या वर्षी पास लागते. म्हणजे यंदा शेवटची संधी होती आणि पुढच्या वर्षी ते दार बंद. दुसरा ड्रॉप घ्याल, म्हणजे नीटसाठी आणखी एक वर्ष थांबाल, तर आणखी काय काय बंद होईल, ते ड्रॉपवाले सांगत नाहीत. तिनं यंदाच सोलापुरात बीएस्सीला प्रवेश घ्यावा, जीवतंत्रज्ञान किंवा प्राणिशास्त्र, जिथं प्रयोगशाळा खरोखर चालू असेल तिथं. कॉलेज निवडताना तिला आत जाऊन बघू द्या, बाहेरच्या बोर्डावर जाऊ नका. पुढे एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम आणि गॅट-बी या परीक्षा, मग पीएचडीसाठी नेट ही परीक्षा. हरियाणातल्या मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळुरूची निम्हान्स, तिरुअनंतपुरमची श्री चित्रा, हैदराबादची सीसीएमबी, या संशोधन संस्थांची नावं तिनं आतापासून भिंतीवर लावावीत.

यात एक अडचण आहे, आणि ती तुम्ही तयार केलेली आहे. गणित सोडायला लावलं, हे वाचून मला नीटच्या मार्कांपेक्षा जास्त वाईट वाटलं. ज्या कामाकडे तिचा ओढा आहे, त्यात संख्याशास्त्राशिवाय पान हलत नाही. अजून वेळ गेलेली नाही. अकरावी-बारावीचं गणिताचं पुस्तक आणा, संभाव्यता आणि संख्याशास्त्राच्या धड्यांपासून सुरुवात करू दे. बीएस्सीत संख्याशास्त्राचा विषय जोडीला घेता येत असेल तर तो सोडू नये. पहिल्या वर्षाच्या अखेरीस आर किंवा पायथन यांपैकी एक संगणकाची भाषा तिला यायला हवी. दोन्ही फुकट आहेत, कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या संगणकावरही चालतात. लातूरला जे पैसे जाणार होते, त्यातल्या थोड्या भागात घरी एक संगणक येईल.

पैशांचं आणि काळाचं स्पष्ट सांगते, म्हणजे नंतर मला दोष नको. बीएस्सी, एमएस्सी, पीएचडी धरून मुलगी २८-२९ची होईल. नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं भत्ता मिळतो, त्यामुळे पीएचडीचा खर्च तुमच्यावर पडत नाही. पण जेआरएफ सगळ्यांना मिळत नाही आणि कायमच्या जागा थोड्या आहेत. मध्येच तिला वाटलं की हे नको, तर स्कॅन आणि आकडे हाताळता येणाऱ्या माणसाला औषध कंपन्यांत, क्लिनिकल डेटाच्या कामात जागा असते. उपाशी राहणार नाही. शेजारच्या डॉक्टरच्या मुलाइतकी तिशीत गाडी-बंगला करेल, असंही मी म्हणणार नाही. आणि दरम्यान लग्नाची घाई करायची नाही, हे आधीच ठरवून टाका. माझ्याकडे येणाऱ्या मुलींचं संशोधन बहुतेक वेळा परीक्षेत नाही, तिथंच अडतं.

तिनं तुमचं पत्र वाचलंय का, मला माहीत नाही. पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ दे. तुम्ही आधी वाचून पाठवू नका.

आणि एक. दवाखान्यानं एमआरआयबरोबर सीडी दिली असेल. अशी सीडी घरोघरी रिपोर्टच्या पिशवीत, कपाटाच्या वर पडून असते. तिच्यातले स्कॅन 'थ्रीडी स्लायसर' नावाच्या मोफत प्रणालीत उघडतात. काढून तिला द्या. मात्र आधी तिला विचारा, बघवेल का म्हणून. नको म्हणाली तर राहू द्या. हो म्हणाली, तर शेजारी बसा आणि तो ठिपका कुठं आहे, ते तिला दाखवायला सांगा.